हद्दीवरचं टेबल

बाईंच्या टेबलाचे दोन पाय बुलढाणा जिल्ह्यात असायचे आणि दोन जालन्यात. लिहिण्याच्या भरात म्हणत नाही. देऊळगाव राजाकडून जालन्याला जाताना आपल्या जिल्ह्याचा निरोपाचा फलक लागतो. त्याच्या खांबापासून आत शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, बाईंनी चुन्याची रेघ मारून घेतली होती. दर मंगळवारी सकाळी त्या रेघेवर बरोबर मधोमध टेबल मांडायचं. जरा इकडेतिकडे झालं की त्या ओरडायच्या, "ए पत्रकवाली, टेबल जालन्यात चाललं पाह्य! ओढ इकडं."

पत्रकवाली म्हणजे मी. देऊळगाव राजाच्या बसस्थानकावर मी पत्रकं वाटत असताना बाईंनी एक मागून घेतलं, तिथंच उभ्या राहून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "शोषित, पीडित आणि वंचित. या तिघी कोण? नावं सांग." मला नावं सांगता आली नाहीत. "मंगळवारी ये," त्या म्हणाल्या. "दाखवते." त्या मंगळवारपासून मी टेबल उचलायला लागले.

टेबल हद्दीवर का, तर आजार हद्दीवर होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संकरित मिरचीच्या बियाण्याची पांढरी शेडनेटं, म्हणजे जाळीचे मांडव, उभी आहेत, काही या जिल्ह्यात, काही त्या. त्यांत काम करणाऱ्या बायका सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून, मुकादमाच्या गाडीत बसून येतात आणि नाल्याकाठी पालं ठोकून मोसमभर राहतात. तिथं तो नालाच हद्द. अलीकडच्या उपकेंद्रात गेलं तर त्या बायका पलीकडच्या ठरायच्या, पलीकडच्या उपकेंद्रात गेलं तर अलीकडच्या. पोटातलं बाळ कुठल्या जिल्ह्याचं, हे ठरेपर्यंत ते जन्माला आलेलं असायचं. ज्याला आपण व्यवस्था म्हणतो ती पुष्कळदा एवढीच असते: समोरच्या माणसाला पलीकडे ढकलायची सोय. बाईंनी त्या सोयीवरच टेबल मांडलं. मग दोन्हीकडच्या सिस्टरांना यावंच लागलं. आल्या नाहीत तर बाई रेघेवर उभ्या राहून त्यांच्या वरिष्ठांना फोन लावायच्या, आणि बाईंचा आवाज फोनवर ऐकण्यापेक्षा उन्हात येऊन बसणं बरं, असं दोन्ही जिल्ह्यांचं एकमत झालं होतं. पुढे त्या दोघी सिस्टर एकमेकींचा डबा खायला लागल्या. एकीकडे लोहाच्या गोळ्या कमी पडल्या की दुसरी द्यायची. हद्द तेवढ्यापुरती मिटलेली असायची.

बाई डॉक्टर होत्या, चिखलीच्या. तिथं त्यांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. अर्ध्या तालुक्याचं पहिलं रडणं त्यांनी ऐकलं होतं. वय झालं, दवाखाना भाचीकडे सोपवला आणि आपण एक जुनी व्हॅन घेऊन इकडे आल्या. का आलात, म्हणून विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. मला दिलेलं असं होतं: "चिखलीत घरी बसले असते तर शेजारीण मले रोज भजनाले घेऊन गेली असती. माह्या आवाजात भजन! देवानं काय पाप केलं?" आता त्या इथेही नसतात. इथला कारभार आमच्या अंगावर टाकून त्या जळगाव जामोदच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी गेल्या आहेत, थेट दोन राज्यांच्या हद्दीवर. तिथं चुना बराच लागत असेल.

वेष असा: साडी, साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा चौकडीचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. आमच्याकडे शेतात जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते. बाईंना नवरा नव्हता, म्हणून त्या बाजारातून नवा शर्ट आणायच्या. पांढरा कोट त्यांनी कधी घातला नाही. शर्टाच्या एका खिशात थर्मामीटर, दुसऱ्यात फुटाणे. विचार करताना फुटाणे खायच्या, म्हणजे दिवसभर खायच्या.

बोलण्याची तऱ्हा तर पार उलटी. शेतमालकाला, मुकादमाला, एकदा सरकारी गाडीतून उतरलेल्या साहेबालाही "काय बे" आणि "अरे". मजूर बाईला मात्र "अहो", "तुम्ही", "बसा". सुमली पहिल्यांदा टेबलाजवळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो सुमलीबाई, या." सुमलीने मागे वळून पाहिलं. मागे रस्त्यावरून एक म्हैस चालली होती.

सुमली इतर बायकांसारखी दबकत आलेली नव्हती. डोळ्याला डोळा देऊन बघायची. वय विशीच्या पुढे, अंगाने काडी. मोठ्या बहिणीसोबत आलेली, नवरा गुजरातेत कामाला. रक्तदाब मोजायचा पट्टा पाहून नव्या बायका घाबरायच्या. त्यावर बाईंची एक रीत होती. "आधी माझं बघा," म्हणायच्या. आपल्या दंडाला पट्टा बांधून घ्यायच्या, स्टेथोस्कोप समोरच्या बाईच्या कानात घालायच्या आणि हवा सोडायला सांगायच्या. "टकटक ऐकू आलं? आता बंद झालं? काटा कुठं हाय?" बाईंचा रक्तदाब कायम चढलेला. "आता सांगा, गोळी कोणी खायची?" बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "तुम्ही." मग बाई आज्ञाधारकपणे त्यांच्यासमोर स्वतःची गोळी गिळायच्या. सुमलीने हे काम मनावर घेतलं. दर मंगळवारी लांबूनच ओरडायची, "डागदरनी बाई, गोली खाल्ली का?"

एक शब्द बाई कधी हळू उच्चारत नसत. पाळी. बायका कुजबुजायच्या, "बाई, अडचण आली." बाई खणखणीत आवाजात विचारायच्या, "कसली अडचण? गाडी पंक्चर झाली? बैल हरवला?" "नाही बाई, ते… बाहेरचं." "बाहेर काय हाय? ऊन हाय." शेवटी ती बाई चिडून "पाळी हो पाळी!" म्हणेपर्यंत औषध मिळायचं नाही. रस्त्यावरचे ट्रकवाले माना वळवून बघायचे. बाई त्यांनाही हात करायच्या.

एकदा शहरातून एक मंडळ सॅनिटरी पॅड वाटायला आलं. सगळे पुरुष, फ्लेक्स, फोटोवाला. बाई म्हणाल्या, "वाटा ना. पण या बायांनी हे कधी वापरलं नाही. अध्यक्ष कोण हाय? तू? ये. एक उघड अन् कसं वापरायचं ते नीट समजावून सांग." फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. अध्यक्षांचे कान मिरचीसारखे लाल झाले, पण माणूस जिद्दीचा निघाला. त्यांनी पॅड उघडलं, पाठीमागचा कागद काढला आणि पुढे काय करायचं ते ठाऊक नसल्यामुळे तसेच उभे राहिले. बायका खो खो हसत सुटल्या. "हसू नका," बाई म्हणाल्या, "शिकून राह्यले ते." पुढच्या वेळी हेच अध्यक्ष फ्लेक्सशिवाय आले आणि पालांजवळ पिण्याच्या पाण्याची टाकी बसवून गेले. बाईंनी त्यांना मूठभर फुटाणे दिले. यापेक्षा मोठा सत्कार त्यांच्याकडे नव्हता.

आता गोळ्यांची गोष्ट. तिच्याशिवाय बाईंचं चित्र पुरं होत नाही.

एका मंगळवारी सुमलीची सगळी टोळी एकदम आली. बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाळी कधी आली होती?" पहिली म्हणाली, नाही आली. दुसरी, नाही आली. तिसरी, चौथी, सगळ्यांचं तेच. बाई म्हणाल्या, "सगळ्याच पोटुशी? मुकादमानं पाळणाघर काढलं काय?"

सुमली हसून म्हणाली, "पोटात काही नाही बाई. काम चालू हाय ना. काम संपलं की येईल."

बाईंचं चावणं थांबलं.

शेडनेटमधलं काम असं असतं. उद्या उमलणारी कळी दुपारनंतर चिमट्याने अलगद उघडायची, तिच्यातले परागाचे भाग काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा, म्हणजे कुणाच्या हातचं फूल धरलं आणि कुणाच्या हातचं गळलं ते मालकाला कळतं. सुमलीचा दोरा निळा. कळी एक दिवसही थांबत नाही, त्यामुळे कामाला खाडा चालत नाही. आणि वर एक नियम, कुठेही न लिहिलेला आणि सगळीकडे पाळलेला: पाळीच्या दिवसांत बाईने शेडनेटमध्ये पाऊल टाकायचं नाही. तिच्या विटाळाने फूल गळतं. त्या दिवसांत तिच्या जागी दुसरी बाई लागते, आणि पुष्कळदा ती दुसरीच मग कायम होते. मुकादमाने यावर तोड काढली होती. त्याच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पट्टी असायची. लग्नकार्यात दोन-चार दिवस घेतात त्या गोळ्या या बायका मोसमभर खात होत्या, उन्हाने भाजणाऱ्या जाळीखाली, पाणी कमी पिऊन, कारण आत मोरी नव्हती.

बाईंनी मुकादमाला गाठलं. पट्टीतली एक गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"खा."

"मी काऊन खाऊ बाई? मले काय गरज?"

"ह्यांना तरी काय गरज हाय?"

"मी जबरदस्ती करतो का? त्याच मागतात."

हे खरं होतं, आणि तेच भयंकर होतं. आम्ही गोळ्या बंद करा म्हणून पालापालांत फिरलो. सुमली सरळ म्हणाली, "गोली नाही खाल्ली तर चार दिवस बाहेर. चार दिवस बाहेर तर जागा गेली. तुमची गोली तुम्हाले जगवते बाई. माझी मले."

मग आम्ही शेषरावांकडे गेलो. सगळ्यात मोठं शेडनेट त्यांचं, घराला लागूनच, आणि त्यांनी केलं ते बाकीचे करायचे. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, चहा घेऊन आली आणि दाराशी थांबली.

"मी गोळ्या द्या म्हटलं का बाई?" शेषराव म्हणाले. "मी फक्त एवढंच म्हणतो, त्या दिवसात आत येऊ नका."

"हाव. तू फक्त दार लावलं. गोळी त्या दाराची किल्ली हाय."

"तुमचं शास्त्र दवाखान्यात ठीक हाय. इथं फूल हाय. माझी माय त्या दिवसांत बाईला वाळवणालेही हात लावू देत नव्हती." शेषराव उठून शेडनेटच्या दारालगतच्या दोन वाफ्यांकडे गेले. तिथं प्रत्येक देठाला पिवळा दोरा होता आणि मिरच्या दाटून लागल्या होत्या. "हे पाहा. हे माझ्या घरच्या हातचं. सोवळ्यातलं काम. अख्ख्या नेटमध्ये असं सेटिंग नाही, एवढं फळ धरलेलं नाही."

वहिनींनी आमच्या हातातले रिकामे कप घेतले आणि त्या आत निघून गेल्या.

पुढच्या मंगळवारी वहिनी टेबलाशी आल्या. दंडाला पट्टा बांधल्यावर, बाई हवा भरत असताना, खाली बघत म्हणाल्या, "तो पिवळा दोरा माझा आहे बाई. मी त्या दिवसांतही आतच असते. कधी बाहेर राहिले नाही. मजूर मिळत नाही अशा वेळेस मी बसून राहिले तर फुलं कोण करणार? यांना सांगितलं नाही एवढंच."

बाईंनी हवा सोडली. "जास्त हाय. मीठ कमी करा वहिनी. लोणचं बंद."

वहिनी गेल्या. मला बसवेना. "बाई, हे सगळ्यांना सांगितलं पाहिजे! पुरावा त्यांच्या दारातच लटकतोय!"

"कोणाचं हाय ते?"

"वहिनींचं."

"मग तू कोण सांगणारी?"

"पण तिकडे सुमली गोळ्या खातेय."

"मले दिसत नाही का?" बाई एकदम भडकल्या. "इथं सांगितलेलं इथंच राहते. एकदा ते या टेबलावरून उठून गावात गेलं ना, पुढच्या मंगळवारी वहिनी येणार नाही. अन् सुमलीबाई बी येणार नाही. मग तू अन् मी टेबलाले तपासू."

मला ते पटलं नाही. मला वाटत होतं, एका बाईच्या संकोचासाठी आपण इतक्या जणींचा जीव टांगणीला लावतोय. आम्ही दोघी तो अख्खा आठवडा भांडत होतो. व्हॅनमध्ये, टपरीवर, टेबल घडी करताना. बाई हरत नव्हत्या आणि मीही.

त्यानंतरच्या मंगळवारी सुमली आलीच नाही. "गोली खाल्ली का?" म्हणून लांबून हाक आली नाही, तसं बाईंनी टेबल दोन्ही सिस्टरांवर सोडलं आणि त्या पालांकडे निघाल्या. सुमली गोधडीवर पडली होती. डावी पोटरी उजवीच्या दीडपट सुजलेली, तांबूस, तापलेली. शेजारी बसून तिची बहीण कढत तेलाने पाय रगडत होती.

"हात काढ! काढ हात तो!" बाई ओरडल्या. मजूर बाईला त्यांनी "तू" म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. बहीण दचकून मागे सरली. बाई लगेच तिच्याजवळ बसल्या, तिचा तेलकट हात हातात घेऊन हळू बोलल्या, "चूक नाही तुमची. पण चोळू नका. शिरेत रक्ताची गाठ झाली असं दिसते. चोळून ती सुटली अन् छातीत गेली तर मले काही करता येणार नाही."

आम्ही सुमलीला उचलून व्हॅनमध्ये आडवं केलं आणि जालना गाठायला निघालो. बुलढाण्यापेक्षा ते जवळ. बाई स्वतः चालवत होत्या, खड्डा दिसला की पायी चालल्यासारखी गाडी हळू करत होत्या आणि पुन्हा दामटत होत्या. सुमलीने मरेन का, असं विचारलं नाही. माझा हात घट्ट धरून एवढंच म्हणत होती, "माझा निळा दोरा दुसरीले देतील. आजच देतील."

दवाखान्याच्या खिडकीवर विचारलं, कुठल्या जिल्ह्याची? बाई म्हणाल्या, "तुला लिहायला सोपा वाटतो तो लिही बाबा. सुजलेला पाय एकच हाय तिचा." सोनोग्राफी झाली. गाठच होती. इंजेक्शनं सुरू झाली. पहिले काही दिवस धोक्याचे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाईंना ते आधीच माहीत होतं, तरी त्यांनी मान हलवत नीट ऐकून घेतलं. बहीण तिच्याजवळ राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही शेषरावांच्या शेडनेटपाशी पोचलो. बायका दाराबाहेर सावलीत भाकरी खात होत्या. मुकादम होता, शेषराव होते, वहिनी पाण्याची कळशी घेऊन वाढत होत्या. सुमलीचा निळा दोरा त्यांतल्या एका नव्या मुलीच्या गळ्यात अडकवलेला होता. सुमली म्हणाली होती तसंच. आदल्या दिवशीच दिला होता.

बाईंनी आवाज चढवला नाही, हे मला नवीन होतं. "शेषराव, सुमलीच्या पायात गाठ झाली. त्या गोळ्या, उन्हात पाणी न पिणं, सगळं मिळून झालं. जगेल का ते दोन-तीन दिवसांत कळेल. जगली तर ती गोळी पुन्हा तिच्या तोंडात जाता कामा नये. म्हणजे तुझं दार उघडं पाहिजे. मी सगळं नेट मागत नाही. एक वाफा दे. त्यात पाळीतल्या बायकांनाच काम करू दे अन् पाह्य."

शेषरावांचा चेहरा उतरला होता. पण ते म्हणाले, "बाई, पोरीचं वाईट वाटते मले. दवाखान्याचं मी पाहतो. पण फूल गळलं तर? मोसम एकच असते. माझ्यानं नाही होणार."

मी वहिनींकडे पाहिलं. न पाहणं मला शक्य नव्हतं. बाईंनी मात्र मुद्दाम त्यांच्याकडे पाठ केली. खिशातून फुटाणे काढले आणि रस्त्याकडे बघत एकेक खायला लागल्या.

वहिनींनी कळशी खाली ठेवली.

"पिवळ्या दोऱ्याची फुलं गळली का हो?"

"त्यांचं काय? ती तर…"

"गळली का, तेवढं सांगा."

"नाही."

"मी कालही आत होते. आजही सकाळपासून आतच आहे. मागच्या महिन्यात होते, मागच्या मोसमात होते. मले पाळी येतच नाही असं वाटलं का तुम्हाले?"

भाकरी खाणारे हात थांबले. मुकादमाने तंबाखूची पुडी उघडली आणि तशीच बंद केली.

शेषराव म्हणाले, "सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं. मग फुलं कोणी केली असती? तुम्ही? बोटं पाहा आपली."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्याच. शेषरावांनी खरोखर आपल्या जाड बोटांकडे पाहिलं. ते उठले, आत गेले, दारालगतच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले. पिवळा दोरा धरून एकेक फांदी उचलून खालची मिरची बघत राहिले. जे वाफे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सोवळ्याचा दाखला म्हणून दाखवत आले होते, ते आता त्यांनाच दाखला देत होते. बाहेर आले तेव्हा बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. मुकादमाला म्हणाले, "उद्यापासून कोणाले अडवू नको. अन् त्या गोळ्या माझ्या धुऱ्यावर दिसल्या तर तुझी गाडी इथं थांबणार नाही." मग त्या मुलीच्या गळ्यातला निळा दोरा काढून घेतला, तिला हिरवा दिला आणि निळा दाराच्या खिळ्याला अडकवला.

व्हॅनमध्ये बसल्यावर मी बाईंना विचारलं, "वहिनी बोलल्या नसत्या तर?"

"तर उद्या पुन्हा आले असते. परवा पुन्हा. तिचं तोंड मी उघडलं असतं तर ते माह्यं बोलणं झालं असतं. शेषरावनं मले हाकललं असतं अन् तिले घरात कोंडलं असतं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "पण तू भांडलीस ते बरं केलं. मले झोप आली नाही." यापेक्षा जास्त कबुली त्यांच्याकडून कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

शेषराव बरेच दिवस घरात कमी बोलले. वहिनी पुढच्या मंगळवारी आल्या तेव्हा रक्तदाब उतरला होता. "लोणचं सोडलं का?" बाईंनी विचारलं. "नाही," वहिनी म्हणाल्या, "घरात शांतता आहे." पुढे शेषराव चहाच्या टपरीवर दुसऱ्या शेडनेटवाल्यांना सांगताना दिसायचे, "अरे मी स्वतः करून पाहिलं. काही गळत नाही." बाईंनी ते ऐकलं आणि मला गप्प बसायची खूण केली. काही नेटांची दारं उघडली. काहींची अजून बंद आहेत, तिथं आम्ही दर आठवड्याला जातो. पाळीच्या दिवशी घरी राहिलं तर मजुरी मिळत नाही, ते भांडणही चालू आहे. ते आम्ही जिंकू.

सुमली जगली. पाय हळूहळू उतरला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि तपासण्यांच्या तारखा घेऊन ती परत आली. बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, या औषधाने पाळीत रक्त जास्त जाईल, पाणी पीत राहायचं, फार वाटलं तर पडून राहायचं आणि लगेच आम्हाला कळवायचं. सुमली कामाला लागली.

मोसम ऐन भरात असतानाची एक सकाळ आहे. तिचा पाय बघायला आम्ही पालावर गेलो होतो. सुमली दगडाला टेकून चहा पीत बसली होती. तेवढ्यात शेषराव स्वतः चालत आले. रात्रीत खूप कळ्या आल्या होत्या आणि हात कमी पडत होते.

"चल सुमली, लवकर. फुलं उमलून राह्यली."

"आज नाही येत. पाळी आली हाय. पोट लई दुखते."

"अगं, पण आता मी ये म्हणतो ना! आता कोणी अडवत नाही तुले."

"हाव. मालूम हाय."

"मग?"

"मग काय? मले नाही यायचं आज."

शेषराव गोंधळून बाईंकडे वळले. "बाई, हे काय आता? आधी येऊ देत नाही म्हणून भांडण. आता येऊ देतो तर ही येत नाही. तुम्हीच सांगा हिले."

बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या गोधडीवरच बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मले कायले विचारतो बे? त्यांना विचार."

शेषराव पुन्हा सुमलीकडे वळले. मग विचारलं, "उद्या तरी येशील का?"

"उद्याचं उद्या पाहू," सुमली म्हणाली, आणि बहिणीकडे कप पुढे करून तिने आणखी चहा मागितला.